खण क्रमांक सदतीस

तोर्किलनं चाळीस वर्षं टपाल लावलं
स्त्रुअरच्या स्टेशनामागच्या लांबट खोलीत.
पिनकोड वाचायचा नसतो, तो हाताला कळतो,
असं तो अजून सांगतो,
कुणी विचारलं नाही तरी.

आता स्वयंपाकघराच्या टेबलावर
मुलाचा जुना पसारा ओतलाय.
तीन पोती प्लास्टिकच्या विटा,
तीसेक वर्षं माळ्यावर पडून होत्या.
ओतताना जो आवाज झाला
तो फियोर्डच्या काठी लाट मागं फिरताना
गोट्यांचा होतो ना, अगदी तसा.

आधी धुणं. उशीच्या अभ्र्यात बांधून
कोमट पाण्यात, मशीनचा सगळ्यांत हळू फेरा.
रात्रभर टॉवेलवर पसरल्या,
तरी सकाळी उचलावी ती वीट
पोटातून एकेक थेंब सोडे.
पांढऱ्यांचा रंग जुन्या लोण्यासारखा झालेला.
तो काही धुण्यानं गेला नाही.

मग रंगाप्रमाणे लावल्या.
लाल लालांत, निळ्या निळ्यांत,
अकरा बरण्या खिडकीत ओळीनं.
दोन दिवस तो येताजाता त्यांच्याकडे बघत राहिला,
मुरंबा जमलेल्या बाईसारखा.

शनिवारी विग्गा आली, वय वर्षं सात.
तिला एक काळं बिजागर हवं होतं.
काळ्यांच्या बरणीत काळं बिजागर!
अमावास्येच्या रात्री कावळा शोधावा तसं.
हात कोपरापर्यंत आत, पाऊण तास.
"आजोबा, रंग मला लांबूनही दिसतो गं,"
तिनं बाहुलीशी बोलावं तसं त्याला समजावलं,
"सापडत नाही तो आकार."

चाळीस वर्षांत एकाही पोस्टमास्तरानं
त्याला इतकं सरळ सुनावलं नव्हतं.

अकरा बरण्या पुन्हा टेबलावर.
पुन्हा लाट, पुन्हा गोटे.

होल्स्टेब्रोतलं खिळ्यामोळ्यांचं दुकान बंद झालं तेव्हा
त्यानं उगाच उचललेलं साठ खणांचं कपाट
तळघरातून वर आलं.
खणाखणावर चिठ्ठ्या, टपालखात्याच्या ताठ अक्षरात:
दोन बाय चार. एक बाय दोन, चपट्या.
उतार, पंचेचाळीस अंश.
चिकटून बसलेल्या जोड्या
लोण्याच्या सुरीनं सोडवल्या एकेक.
कडांवर येप्पेच्या दातांच्या खुणा.
कुणी रागावलं की तो विटा चावायचा.

विग्गानं चिठ्ठ्या वाचल्या,
अंश म्हणजे काय ते विचारलं,
आणि उत्तर संपायच्या आत पेन्सिल मागितली.
पावाची वडी.
बेडकाचा जबडा.
कुठेच न जाणारा जिना.
आत्याचं नाक.
त्यानं चष्मा काढला, पुसला,
नव्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या.

एका बुट्टीच्या पांढऱ्या वेचताना
एक काही बसेना.
वर बुट्टी नाही, खाली पोकळ,
एका कोपऱ्याला तपकिरी ठिपका.
विग्गानं ती किल्ल्याच्या भिंतीत रेटून पाहिली.
पडली.
पुन्हा रेटली. पुन्हा पडली.
"दात आहे हा," ती म्हणाली,
"पण माझे सगळे उशीखाली गेलेत.
ह्याला कुठल्या खणात घालायचं?"

टपालखोलीत खिडकीशी एक कप्पा होता.
पावसानं पत्ता पुसलेली,
घर पाडून रस्ता झालेली,
अशी पाकिटं त्यात.
दर शुक्रवारी ती कोपनहेगनला जात.
एक निळं पाकीट त्यानं
आठवडाभर जास्त ठेवून घेतलं होतं.
का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सदतिसावा खण रिकामा होता.
चिठ्ठी त्यानं लावली नाही.

संध्याकाळी येप्पेचा फोन,
समुद्रातल्या पवनचक्क्यांवरून, अर्धा वाऱ्यात.
"लागलं का सगळं जागेवर?"
"लागलं. एक सोडून."
"कुठला तुकडा?"
तोर्किलनं जिभेनं
आपल्याच दाढेमागची पोकळी चाचपली.
"तुझाच आहे. येशील तेव्हा लाव."

तिकडून काय आलं ते वाऱ्यानं खाल्लं.
आणि जमिनीवरून विग्गा ओरडली,
"आत्याचं नाक, चार! लवकर!"

फोन कानाशीच होता.
न बघता त्याचा हात गेला
चौथ्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खणाकडे.